पणजीचं माहेर कुठलं?

मागच्या पंधरवड्यात आपल्या तालुक्यात एक ठरलेलं लग्न मोडलं. सुपारी फुटली होती, साखरपुडा झाला होता, मंगल कार्यालयाला इसार दिलेला होता. बस्ता तेवढा बांधायचा राहिला होता. मुलगा चाकणला कंपनीत आहे, मुलगी नर्सिंग झालेली. देण्याघेण्यावरून वाद नाही, मानपानाचं काही नाही, पोरापोरीची एकमेकांबद्दल तक्रार नाही. लग्न मोडलं ते एका कागदावरून. तो कागद म्हणजे वंशावळ.

दोन्ही घरांची नावं मी लिहिणार नाही. ओळखणारे ओळखतील, पण कमेंटमध्ये नावं टाकू नका, हात जोडून सांगतो. पोरीचं पुढं लग्न व्हायचंय.

झालं असं. मुलाच्या चुलत्यांनी कुणबी दाखल्यासाठी वंशावळ काढायला घेतली होती. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तेव्हापासून आपल्याकडं घरोघरी हेच चाललंय, हे तुम्हाला सांगायला नको. तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर रांगा, मोडी वाचणाऱ्यांना भाव, शाळेचे जुने दाखले, कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदी. ज्यांनी आयुष्यात कधी सातबारा नीट वाचला नाही, ते लोक आता गाव नमुना 14 म्हणजे काय हे पाठ असल्यासारखं सांगतात. तर चुलत्यांनी खोदत खोदत खापरपणजोबापर्यंत मजल मारली. त्या शोधात भावकीतल्या एका म्हाताऱ्याकडून कळलं की खापरपणजोबाला एक बहीण होती आणि ती अमुक गावच्या अमुक घरात दिली होती. ते घर म्हणजे आता जिथून मुलगी आणायची ते.

म्हणजे मुलीची खापरपणजी ही मुलाच्या खापरपणजोबाची सख्खी बहीण.

झालं. घरात बैठक बसली. आपल्या घरची लेक त्यांच्याकडं दिलेली, आता त्यांची लेक आपण आणायची म्हणजे वेल परत आला. वेल परतू नये, घराला लाभत नाही, असं जुनी माणसं सांगत आलीत. कुणी म्हणालं, रक्त एकच झालं, पोरं अपंग निपजतील. कुणी म्हणालं, हे तर बहीण-भाऊ. दोन दिवसांत निरोप गेला.

त्या बैठकीत बसलेल्यांपैकी तिघांनी स्वतः मामाची मुलगी केलेली आहे. मी चौकशी करून लिहितोय.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा जास्तच अधिकार आहे. कारण हेच माझ्या घरात दीड वर्षापूर्वी झालं, फक्त लग्न होऊन सतरा वर्षं झाल्यावर.

बायकोच्या मामांना नोंदी शोधायच्या होत्या. जावई पत्रकार, तहसीलमध्ये ओळखी, म्हणून काम माझ्याकडं आलं. मामांचं गाव तीस किलोमीटरवर. तीन-चार हेलपाटे झाले. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी गाठले. मामांच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडली, त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं, मी एका मोठ्या कागदावर झाड काढलं आणि रात्री आमच्या ओसरीवर पसरून बसलो. आमच्या आत्या तेव्हा राहायला आलेल्या. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान तिखट. मी बायकोला नावं वाचून दाखवत होतो. गावाचं नाव, वाड्याचं नाव, मूळ पुरुषाचं नाव. आत्या जपमाळ थांबवून म्हणाल्या, "परत वाच रं." मी परत वाचलं. म्हणाल्या, "आरं येड्या, हे तर माझ्या आजीचं माहेर!"

आत्यांची आजी म्हणजे माझ्या वडिलांची आजी, माझी पणजी.

मला आधी वाटलं म्हातारपणामुळं गोंधळ होतोय. पण आत्यांनी पणजीच्या भावांची नावं धडाधड सांगितली. त्यातलं मधलं नाव माझ्या कागदावर होतं, बायकोच्या आईच्या आजोबांचं. पणजी दिवाळीला माहेरी जायची ती कुठल्या वाटेनं, मधे कुठल्या ओढ्याला बैल पाजायचे, तेही सांगितलं. मग खातरजमा करायची म्हणून मी त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडं गावाप्रमाणं, आडनावाप्रमाणं वह्या असतात, कोण कधी आलं आणि त्याच्या घरात कोण कोण हे लिहिलेलं असतं. आमच्या घराण्याच्या पानावर पणजोबा कुठल्याशा श्राद्धासाठी आल्याची नोंद होती आणि खाली पणजीचं नाव, माहेरच्या आडनावासकट.

तर हिशेब असा: माझ्या आजोबांचे मामा म्हणजेच माझ्या बायकोच्या आईचे आजोबा. माझ्या पणजीचं माहेर आणि माझ्या बायकोचं आजोळ, एकच घर. सतरा वर्षं आम्ही त्या घरी जातोय, हुरड्याला, जत्रेला, मयतीला. ज्या उंबऱ्यावर मी जावई म्हणून पाट-चौरंगाचा मान घेतला, त्याच उंबऱ्यावरून माझी पणजी रडत सासरी निघाली होती.

बायकोची पहिली प्रतिक्रिया होती, "अहो, मग मी तुम्हाला भाऊबीज घालायची का काय?" दुसऱ्या दिवशी मात्र तिनं हळूच विचारलं, "पोरांना काही होणार नाही ना?" पोरं धडधाकट आहेत, थोरला दहावीला आहे. तरी विचारलं. माणूस विचारतोच. म्हणून मी हा विषय नीट वाचला, दोन डॉक्टरांना आणि एका वकील मित्राला छळलं. जे समजलं ते लिहितो.

आधी साधा हिशेब करा. तुम्हाला दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, आठ पणज्या-पणजोबा. प्रत्येक पिढीला आकडा दुप्पट. दहा पिढ्या मागं गेलं की 1,024. वीस पिढ्या मागं गेलं की दहा लाखांच्या वर. ज्ञानेश्वर माउलींनी आपल्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ते शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तिथपर्यंत साधारण एकोणतीस-तीस पिढ्या होतात. तीस पिढ्यांमागं तुमच्या पूर्वजांच्या जागा भरतात 107 कोटी. आणि तेव्हा सगळ्या जगाची लोकसंख्या 50 कोटींच्या आत होती.

मग एवढी माणसं आली कुठून? आली नाहीतच. तीच ती माणसं अनेक जागांवर बसलेली आहेत. एकच बाई तुमच्या आईकडूनही पूर्वज आहे आणि वडिलांकडूनही. याचा अर्थ कुठंतरी मागं, तुमच्या घराण्यात, लांबच्या भावंडांची लग्नं झालेली आहेत. एकदा नाही, शेकडो वेळा. तुमच्याही, माझ्याही, आणि लग्न मोडणाऱ्या चुलत्यांच्याही.

हे सगळ्या जगाचं झालं. आपल्याकडं तर वर्तुळ आणखी लहान. जातीतच करायचं. जातीत पुन्हा पोटजात, कूळ, मानपान. त्यात बैलगाडीच्या टप्प्यातलं गाव हवं, लेक एका दिवसात माहेरी येऊन जाता आली पाहिजे. म्हणजे वीस-पंचवीस गावं आणि त्यातली ठराविक घरं. दोनशे-तीनशे वर्षं त्याच घरांत लेकी दिल्या-घेतल्या जात आहेत. अशा ठिकाणी नवरा-बायको लांबच्या नात्यातले निघाले नाहीत तरच बातमी करावी.

बायोडाटा बघा ना. शेवटी 'नातेसंबंध' म्हणून ओळ असते, त्यात सात-आठ आडनावं आणि गावं. ती ओळ कशासाठी? ती वाचून समोरचा म्हणतो, "अरे, हे तर आपलेच निघाले," आणि खूश होतो. मध्यस्थ त्याच्यावरच सोयरीक जुळवतो. पहिल्या भेटीत "आपलेच निघाले" ही पात्रता, आणि साखरपुड्यानंतर तेच वंशावळीवर दिसलं की पाप?

परदेशातही वेगळं नव्हतं. 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं. इंटरनेटवर लोकांनी भरलेल्या वंशावळी जोडून 1 कोटी 30 लाख माणसांचं एकच झाड त्यांनी तयार केलं होतं, बहुतेक युरोप-अमेरिकेतली माणसं. त्यात दिसलं की 1850 पूर्वीच्या काळात जोडपी सरासरी चौथ्या फळीची भावंडं असायची, म्हणजे त्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एकमेकांचे सख्खे भाऊ-बहीण. बरोबर आपल्या मोडलेल्या लग्नातलं नातं! आणि माणसं जन्मगावापासून दहा किलोमीटरच्या आतच लग्न करायची. डार्विननं 1839 मध्ये सख्ख्या मामाची मुलगी केली. इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप, दोघंही व्हिक्टोरिया राणीची खापर-पतवंडं. आइसलँड तर लोकसंख्येनं आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा देश. तिथं जवळपास सगळ्या माणसांच्या वंशावळीचा एकत्र साठा आहे, आणि 2013 मध्ये पोरांनी त्यावर मोबाइल अॅप काढलं. दोन फोन एकमेकांना टेकवले की नातं कितवं ते कळतं. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली, पण लग्न करायचं थांबवलं नाही. उलट त्याच देशातल्या 1 लाख 60 हजार जोडप्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या-चौथ्या फळीच्या नात्यातल्या जोडप्यांना सगळ्यात जास्त मुलं आणि नातवंडं झालेली आढळली.

आता रक्ताचं बोलू, कारण खरी भीती तिथं आहे.

सख्खे आते-मामे भावंडं असतील तर त्यांच्यात आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के वारसा समान असतो. त्यांची मुलं दुसऱ्या फळीची भावंडं, तीन टक्क्यांच्या जरा वर. तिसऱ्या फळीला, म्हणजे मी आणि माझी बायको, 128 वा हिस्सा, एक टक्क्याहून कमी. आणि त्या मोडलेल्या जोडीचा 512 वा हिस्सा. तिसऱ्या फळीतल्या दहातल्या एखाद्या जोडीत तर तपासणीत समान असं काही सापडतही नाही. नातं कागदावर राहतं, रक्तातून धुऊन गेलेलं असतं.

कोणत्याही जोडप्याला जन्मजात दोष असलेलं मूल होण्याची शक्यता साधारण दोन-तीन टक्के धरतात, काही डॉक्टर थोडी जास्त सांगतात. सख्ख्या मामाची किंवा आत्याची मुलगी केली तर त्यात आणखी साधारण दोन ते तीन टक्क्यांची भर पडते. हा धोका खरा आहे आणि त्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या मामाच्याच मुली येत राहिल्या तर तो साचत जातो. पण खापरपणजोबाच्या बहिणीवरून वाढणारा धोका एवढा नगण्य की डॉक्टर तो मोजतही नाहीत. मी ज्यांना विचारलं त्या बालरोगतज्ज्ञ बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, माझ्याकडं सख्खे आते-मामे येतात, त्यांना मी बसवून समजावते. तुम्ही कुठं पणजीला घेऊन आलात?"

म्हणजे आपण भितो कुठं आणि धोका कुठं! मामाची मुलगी हक्काची. तिला कुणी रक्त विचारत नाही. आपल्याकडं मराठा, देशस्थ, धनगर आणि इतर कितीतरी समाजांत ती प्रथाच आहे. आत्याची मुलगी मात्र नको, वेल परततो. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी पुस्तकात ही चाल नोंदवून ठेवली आहे: मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. आता शरीराला विचाराल तर दोन्ही सारख्याच, साडेबारा टक्के. वेल पुढं गेला काय आणि परत आला काय, मुळं तीच. हा नियम रक्ताचा कधी नव्हताच. तो मानाचा आहे. ज्या घरानं मुलगी दिली ते खाली आणि ज्यानं घेतली ते वर. उद्या त्यांनीच मुलगी दिली तर वर-खाली कसं ठरवायचं, ही अडचण होती. ती आता 'अपंग पोरं' या शास्त्रीय वेशात फिरते आहे.

कायद्याचंही बघा. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात सपिंड लग्नाला मनाई आहे. मोजायचं कसं तर स्वतःला पहिली पिढी धरून आईकडून वर तीन आणि वडिलांकडून वर पाच पिढ्या. सामाईक पूर्वज दोघांच्याही या मर्यादेत येत असेल तर लग्न रद्दबातल, शिवाय एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. मात्र समाजात तशी रूढी असेल तर चालतं. मामाची मुलगी या रूढीच्या दारातूनच मांडवात येते. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या तरतुदीलाच आव्हान दिलं होतं, ते कोर्टानं फेटाळलं. सगोत्राची बंदी तर कायद्यानं 1946 सालीच उठवली, स्वातंत्र्याच्याही आधी. गंमत म्हणजे तीच मामाची मुलगी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी कार्यालयात करायला गेलात तर निषिद्ध नात्यांच्या यादीत आहे.

त्या मोडलेल्या जोडीचा सामाईक पूर्वज सहाव्या पायरीवर आहे. मर्यादेबाहेर. कायद्याच्या लेखी ते एकमेकांचे कुणीच नाहीत. आमचंही वकील मित्रानं बोटांवर मोजलं. माझ्याकडून वडिलांच्या बाजूनं पाचवी पायरी, म्हणजे काठावर आत. पण बायकोचं नातं तिच्या आईकडून जातं आणि तिथं मर्यादा तीनच, म्हणून सुटलो. हाच धागा तिच्या वडिलांकडून आला असता तर रूढी दाखवत बसावं लागलं असतं. रक्त तेवढंच, पण आईकडून आलं तर हलकं, बापाकडून आलं तर जड. बायकोनं हे ऐकून फक्त एवढंच म्हटलं, "कायदा कुणी केला असेल ते कळतंय."

तिचा मुद्दा मला नंतर जास्त लागला. कारण वंशावळ काढून देण्याच्या निमित्तानं मी गेल्या दोन वर्षांत पन्नास-साठ तरी कागद हाताळले असतील. त्यातल्या एकाही कागदावर बाई नाही. तहसीलला जी वंशावळ शपथपत्रावर देतो तिच्यात बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. लेकी नाहीत, सुना नाहीत. आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ माझ्याकडं आहे, त्यात माझी पणजी नाही. माझी आई नाही. माझी बहीण नाही. जिच्यामुळं मला माझं नातं कळलं ती आत्यासुद्धा त्यात नाही! सरकारी कामापुरतं बापाकडचं लागतं, ठीक आहे. पण लोक तोच कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावतात आणि म्हणतात, हा आमचा वंश.

26 जानेवारी 2024 ला 'सगेसोयरे' या शब्दाच्या व्याख्येचा मसुदा निघाला तेव्हा आपल्याकडं गुलाल उधळला, चावडीवर त्याचं जाहीर वाचन झालं. आरक्षणावर आज मला बोलायचं नाही, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण त्या मसुद्यात जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून निर्माण झालेल्या नात्यांचा उल्लेख होता. आता लग्नातून नातं निर्माण होतं म्हणजे कुणामुळं होतं? गाव सोडून गेलेल्या लेकीमुळंच ना. सोयरे शोधायला निघालो आणि जिनं सोयरीक केली तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. नवऱ्याच्या घरी गेली की आडनाव गेलं, पुष्कळदा नावही बदललं. पणजीचं सासरचं नाव एक आणि माहेरचं दुसरं, म्हणून तर त्र्यंबकच्या वहीत मी पहिल्यांदा पान उलटून पुढं गेलो होतो.

त्यामुळं होतं काय, की आपल्याला नातं दिसतं ते फक्त भावकीचं. एक आडनाव, एक देवक, एक कुलदैवत, तेवढं टाळलं की आपण समजतो रक्त टाळलं. बायकांकडून जे रक्त आलं ते मोजायला कागदच नाही. ज्या चुलत्यांनी खापरपणजोबाची बहीण शोधून लग्न मोडलं, त्यांच्या स्वतःच्या बायकोची पणजी कुठली, हे त्यांना माहीत आहे का? मी विचारलं. नाही माहीत. मग त्यांचं लग्न शुद्ध कसं ठरलं? कागद नाही म्हणून!

हा पुरावा उलटाही वापरला जातो, तेही सांगून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात एका पोरापोरीनं पळून लग्न केलं. आडनाव एक, गावं वेगळी, भावकीचा काही संबंध कुणाला सिद्ध करता आला नाही. तरी 'बहीण-भाऊ' म्हणून दोन्ही घरांनी त्यांना तोडलं. म्हणजे नातं सापडलं तर मोडायचं आणि नाही सापडलं तर आडनावावरून मोडायचं. मोडणं मात्र पक्कं.

काळजी करायचीच असेल तर करण्यासारखी एक गोष्ट आहे. 2017 साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक अभ्यास आला. दक्षिण आशियातले 260 हून जास्त समाज तपासले होते. त्यातले 81 असे निघाले की ते फार थोड्या मूळ माणसांपासून वाढले आणि पुढं आपसातच लग्नं करत राहिले. जगात ज्या समाजांची उदाहरणं अशा आनुवंशिक आजारांसाठी देतात, त्यांच्यापेक्षाही जास्त कोंडलेले. त्यातले 14 समाज तर दहा लाखांहून मोठे. म्हणजे समाज मोठा आहे म्हणून रक्त मोकळं आहे असं नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण डॉक्टर नेहमी देतात. त्यांच्यात एक विकर कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळं भुलीच्या एका ठराविक औषधानंतर रुग्णाचा श्वास लवकर परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ आधी विचारूनच घेतात. आपल्याकडं विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेल आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी. दोघं वरून ठणठणीत दिसतात. 1 जुलै 2023 ला केंद्रानं सिकलसेलची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. थॅलेसेमियाचंही गणित तेच.

याला वंशावळ लागत नाही. रक्ताची एक तपासणी लागते. एचपीएलसी म्हणतात तिला, हजाराच्या आसपास खर्च येतो. पत्रिकेत छत्तीस गुण जुळवायला आपण बसतो, मंगळ बघतो, नाडी एक आली तर परत फिरतो. पण ही तपासणी मागितली की मुलीकडच्यांना वाटतं आमच्या पोरीवर संशय घेतला आणि मुलाकडच्यांना वाटतं आमचा अपमान झाला. मी माझ्या पुतण्याच्या वेळी मागितली होती. दोघांचीही करू म्हटलं, खर्च आमचा. थोडा वेळ शांतता पसरली, मग मुलीची आई म्हणाली, "करा की, त्यात काय." केली. काही निघालं नाही, लग्न झालं.

आता परत त्या दोघांकडं. मुलाला मी फोन केला होता. तो लग्नाला तयार आहे, पण "चुलत्यांपुढं वडील बोलत नाहीत आणि वडिलांपुढं मी" असं म्हणाला. मुलीशी मी बोललो नाही, तिच्या भावाशी बोललो. तो चिडलेला आहे. म्हणाला, "आमच्या घरात एवढ्या वर्षांपूर्वी आलेल्या त्या बाईचं नावसुद्धा त्यांना माहीत नाही, आणि तिच्या नावावर आमच्या बहिणीचं लग्न मोडलं."

हे मला पटलं. म्हणून मी शोधायला लागलो. मुलीच्या घरातल्या एका थोरल्या जाऊबाईंना त्या खापरपणजीचं नाव माहीत निघालं. दुष्काळात नवरा गेला, पदरी दोन पोरं, तिनं दिरांच्या हाताखाली राबून जमीन राखली असं त्या सांगतात. माहेरहून कुणी विचारायला आलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण येतंय?"

रविवारी सकाळी मुलाच्या चुलत्यांकडं चाललोय, तसं सांगून ठेवलंय. आत्यांनाही सोबत नेणार आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं, गाडीत पुढं बसवशील तर येते. मोठ्या कागदावर दोन्ही घरांचं झाड काढलंय, या वेळी बायकांच्या नावांसकट. चुलत्यांच्या सौभाग्यवतींच्या पणजीची जागा तेवढी मोकळी ठेवलीय. ती तिथंच बसून, त्यांनाच विचारून भरायची आहे.